उंबऱ्याच्या आतलं नाव

"कुठला? घरातला का गावातला?"

वर्गातल्या कुणीही कसलीही तक्रार आणली, की मॅडमचा पहिला प्रश्न हाच. पोरगं म्हणायचं, "मॅडम, माझ्या प्रोग्रॅममधला एक्स चुकीचा येतोय." मॅडम त्याच्या स्क्रीनकडं बघायच्याच नाहीत. पदर खोचून फळ्याकडं वळायच्या, खडूनं एक मोठा चौकोन काढायच्या आणि खालच्या रेघेत बोटभर जागा मोकळी सोडायच्या. ती जागा म्हणजे दार. दारात एक आडवी जाड रेघ, तो उंबरा. मग खडूची बोटं पुसत म्हणायच्या, "आता सांग. तुझा एक्स उंबऱ्याच्या आतला का बाहेरचा?"

मी हे बघत नसे, ऐकत असे. भूमच्या बसस्टँडपासून हाकेच्या अंतरावर खताचं एक दुकान आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही दोघी. अलीकडं माझा टायपिंगचा क्लास, पलीकडं त्यांचा कॉम्प्युटरचा. मधे प्लायवूडची भिंत आणि त्या भिंतीत एक अरुंद दार. प्लायवूड म्हणजे भिंतीचं सोंग. तिकडं कुणी सुस्कारा टाकला तरी इकडं कळायचं. माझी जुनी टाइपरायटर मशिनं केव्हाच कापडाखाली गेली आणि त्यांच्या जागी कीबोर्ड आले. तेव्हापासून खटखट निम्म्यावर आली आणि मॅडमचं शिकवणं मला अक्षर न् अक्षर ऐकू यायला लागलं. त्यामुळं इच्छा नसताना मी थोडं प्रोग्रॅमिंग शिकले. या वयात नको ती विद्या!

गावात मला 'टायपिंगच्या बाई' म्हणतात, त्यांना 'कॉम्प्युटरच्या मॅडम' म्हणत. वयानं मी मोठी, मग त्या मॅडम आणि मी बाई कशी, असं मी एकदा पोरांना विचारलं. एक जण म्हणाला, "बाई रागावतात, मॅडम समजावून सांगतात." यावर मी रागावले.

तुम्हीही अशा मॅडम पाहिल्या असतील. तालुक्याच्या गावात एखादी तरी असतेच. फिकट रंगाची साडी, खांद्याला पर्स, पर्समध्ये छत्री, बारा महिने. रस्त्यानं निघाल्या की सायकलवरची पोरं उतरून बाजूला होणार, किराणावाला "या मॅडम" म्हणणार, एसटीत कुणीतरी उठून जागा देणार. सगळं गाव ओळखतं. त्यांच्या घरी मात्र गेलात तर चहाचे कप दोनच दिसतील, आणि त्यातला दुसरा कोरडा. मॅडमच्या फडताळात मी तो पाहिला होता. त्या दिवशी तो माझ्यासाठी काढून विसळला, तेव्हा त्यावर धूळ होती.

त्यांचे यजमान एका कार्यालयात नोकरीला होते. ते गेले. सासूबाई त्यांच्याही आधी गेल्या होत्या. मुलगा पुण्याला कंपनीत. रोज फोन करायचा, "मम्मी, जेवलीस का?" विचारायचा, आणि उत्तर यायच्या आत त्याला दुसरा फोन यायचा. मुलगा वाईट नव्हता. हल्ली चांगल्या मुलांनासुद्धा दुसरे फोन येतातच.

पण मी उंबऱ्याविषयी सांगत होते.

तेरखेड्याची एक पोरगी क्लासला होती. तिच्या गावात फटाके बनतात, म्हणून तिचा प्रोग्रॅम अडला की सगळा वर्ग "फुटला, फुटला!" म्हणून ओरडायचा. तीही कमी नव्हती, बसल्या जागेवरून उलट आवाज द्यायची. एक दिवस ती मॅडमशी चक्क भांडायलाच उठली. तिनं प्रोग्रॅममध्ये वर लिहिलं होतं, टाकी बरोबर शंभर. खाली एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमच्या पोटातला छोटा प्रोग्रॅम, केलं होतं, त्याला नाव दिलं होतं घर, आणि घरात लिहिलं होतं, टाकी बरोबर शून्य. घर चालवून झालं, बाहेर येऊन टाकी विचारली, तर मशीन म्हणतं शंभर.

"मॅडम, म्या रिकामी केली की! ही भरल्याली कशी दाखवती?"

"कुठली टाकी?"

"गावातली."

"रिकामी कुठं केलीस?"

"घरात."

"मग घरातलीच रिकामी झाली. उंबऱ्याच्या आत तू टाकी बरोबर काहीतरी म्हणालीस, की मशीन समजतं, हिनं आपली नवी टाकी मांडली. अगं, तू न्हाणीतला हंडा उपडा केलास आणि त्याला टाकी म्हणलीस. गावची टाकी आहे तश्शी आहे."

"पर नाव तर एकच हाय."

"नाव एक असलं म्हणून वस्तू एक होत नाही. तुमच्या गल्लीत पिंट्या किती आहेत?"

"लई हायत, मॅडम."

"एका पिंट्याला मारलं तर दुसरा रडतो का?"

वर्ग हसला, इकडं माझी टायपिंगची पोरंही हसली आणि सगळ्यांची ओळ चुकली. मॅडम पुढं सांगत होत्या. घरात उभं राहून गावातली टाकी दिसते, पण गावात उभं राहून घरातला हंडा दिसत नाही. आणि घरात बसून गावच्या टाकीला हात लावायचाच असेल, तर आधी चावडीवर जाऊन तसं सांगायचं. म्हणजे पहिल्या ओळीत 'ग्लोबल' लिहायचं. मग खुशाल लाव हात.

"मग सगळंच ग्लोबल करू की," तेरखेडा म्हणालं. "ही भानगडच नगं."

मॅडम कधी नव्हे त्या तीक्ष्ण आवाजात म्हणाल्या, "सगळं चावडीवर मांडलं की येणारा-जाणारा हात लावतो. मग बिघडलं तर कुणी बिघडवलं ते कळत नाही. काही गोष्टी उंबऱ्याच्या आतच असू द्याव्यात. काम झालं, घर मिटलं, आतलं सगळं आपोआप पुसलं जातं."

आणि मशीनवर लाल अक्षरांत इंग्रजी ओळ आली, अमुक नाव डिफाइन्ड नाही म्हणून, की पोरं घाबरायची. मॅडम ती ओळ मराठीत वाचून दाखवायच्या. "घाबरायचं काय त्यात? मशीन रागावलेलं नाही. ते एवढंच म्हणतंय, हे नाव इथं कुणाला ठाऊक नाही." वर्षानुवर्षं मी हे वाक्य भिंतीपलीकडून ऐकलं. त्यात काही दुखण्यासारखं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्याच बॅचला एक नवी नवरी होती. हळद निघाली नव्हती आणि क्लास सुरू. सासरचे चांगले असावेत. मॅडम हजेरी घ्यायच्या, तिचं नाव पुकारायच्या, आणि ती आपली मेंदीचे हात बघत बसलेली. मैत्रीण कोपरानं ढोसायची, मग दचकून "हजर" म्हणायची. एकदा सगळे हसले तेव्हा ती ओशाळून म्हणाली, "सवयच न्हाय मॅडम. तांदळात लिवल्यालं नाव हाय ते."

आमच्याकडं लग्नात नवरीचं नाव बदलतात, हे तुम्हाला सांगायला नको. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. मग ते तांदूळ डब्यात जातात आणि जुनं नाव माहेरी राहतं.

मग मॅडमचा आवाज आला, "खरंय. वेळ लागतो. तू ओ दिली नाहीस तरी मी हजेरी मांडत जाईन." त्या दिवशी फळ्यावर चौकोन उमटल्याचा आवाज काही मला आला नाही.

दुपारी आम्ही दोघी माझ्या खोलीत चहा घ्यायचो. मी विचारलं, "मॅडम, तुमचं माहेरचं नाव काय हो?" इतकी वर्षं एका छपराखाली काढली आणि हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. त्यांच्या सर्टिफिकेटवरचं नाव मला माहीत होतं, तेही तांदळातलंच. ते नावसुद्धा कुणी घेत नसे. यजमान होते तोवर "अगं" म्हणायचे, दिरांची मुलं काकू, शेजारी वहिनी, मुलगा मम्मी, आणि उरलेला भूम तालुका मॅडम.

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली, प्यायल्या. मग सांगितलं. दोन अक्षरांचं, अगदी साधं नाव. ते मी इथं लिहिणार नाही. मला त्यांनी उंबऱ्याच्या आत घेऊन सांगितलं होतं, ते चावडीवर आणण्याचा मला अधिकार नाही.

"आता या नावानं हाक मारणारं एकच माणूस उरलंय, बाई," त्या म्हणाल्या. "आबा."

त्यांचं माहेर येरमाळ्याच्या पलीकडं, आत एका वस्तीवर. वडिलांची मेंढरं होती. आई लवकर गेली. भाऊ धाकटा, तो पहिल्यापासून "अक्का" म्हणणारा. म्हणजे ते नाव घ्यायला घरात वडीलच. आमच्याकडं बोलताना शब्दाचं शेपूट तोडतात, पण हाक मारताना तेच शेपूट माळभर लांबवतात. आबा सांजेला वस्तीवरून हाक द्यायचे, आणि ही शाळेच्या वाटेवर असली तरी तिथून ओ द्यायची. "त्या हाकेनं मेंढरंसुद्धा माना वर करायची," मॅडम म्हणाल्या. "त्यांना वाटायचं, आपल्यालाच बोलावतायत." असं म्हणून त्या हसल्या, आणि मला पहिल्यांदाच त्यांच्या गालाला खळी दिसली.

मॅडम दर रविवारी येरमाळ्याच्या गाडीनं माहेरी जायच्या. मी समजत होते, म्हातारपणी वडिलांना डबा-बिबा नेत असतील. डबा न्यायच्याच. पण खरं कारण मला त्या दिवशी कळलं. आबा विसरायला लागले होते. आधी चष्मा, मग औषध, मग मेंढरं विकली आहेत हेच. नातवंडांची नावं गेली. एकदा मुलालाच विचारलं, "पाव्हणं, कुणीकडचं तुमी?" या सगळ्या पडझडीत मॅडमचं दोन अक्षरांचं नाव तेवढं टिकून होतं. ते जाईल का राहील, हे बघायला त्या दर रविवारी जात होत्या. आणि ते गेलं तर जगात त्या नावाचं कुणी राहणार नाही, ही त्यांची भीती होती. ती त्यांनी मला अशी सरळ शब्दांत सांगितली, रडल्या नाहीत. मीच चष्मा पुसत बसले.

मग सोमवारची एक रीत पडली. मॅडम जिना चढून यायच्या, माझ्या दारात थांबायच्या. मी नुसत्या भुवया उंचवायची. त्या म्हणायच्या, "मारली." आणि वर्गात जायच्या. त्या दिवशी पोरांची चंगळ. चुका माफ, खडूचे चौकोन मोठे. एखाद्या सोमवारी म्हणायच्या, "उशिरानं मारली." एवढ्या दोन शब्दांवर आमचा आठवडा चालायचा. देवाला माझं फार मागणं नसतं, पण त्या दिवसांत मी रविवारी संध्याकाळी येरमाळ्याच्या देवीला, येडाईला, हात जोडून सांगायची, तेवढं नाव राहू दे गं बाई त्याच्या तोंडात.

येडाईनं माझं ऐकलं, पण अर्धंच.

एका सोमवारी मॅडम दारात थांबल्या नाहीत. सरळ वर्गात गेल्या आणि फळा पुसत राहिल्या. पुसलेलाच फळा. दुपारी चहाला आल्या तेव्हा मी काही विचारलं नाही. त्याच म्हणाल्या, "नाव हाय, बाई." एरवी त्या माझ्याशी शहरी बोलायच्या, मन हललं की वस्तीवरचं बोलणं यायचं. "नाव हाय. पर त्यात मी न्हाय."

झालं होतं असं. त्या गेल्या तेव्हा आबा बाजेवर बसलेले. यांच्याकडं पाहून त्यांनी पाय आवरून घेतले, परक्या बाईसमोर आवरतात तसे. म्हणाले, "बाई, कुणाच्या तुमी? जरा वाटंवर बघता का, माझी पोर शाळंतनं आली न्हाय अजून." आणि तिचं नाव घेतलं. मग वाटेकडं तोंड करून हाक मारली, तीच, माळभर लांबवलेली. मॅडम त्यांच्या समोर उभ्या होत्या. हाक त्यांच्या अंगावरून पुढं गेली.

"तुम्ही ओ द्यायची होती," मी म्हणाले.

"दिली की. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, तुमाला न्हाय बाई, माझ्या पोरीला बोलावतोय."

मी म्हणाले, "चहा गार होतोय." माणसाच्या तोंडून नको तेव्हा असलं काहीतरी येतं.

त्यानंतरची गोष्ट बाजाराच्या दिवसाची. खाली रस्त्यावर गर्दी, भाजीवाल्यांचा आरडाओरडा, एसटीचे हॉर्न. मी पोरांना श्रुतलेखन देत होते. तेवढ्यात पलीकडचा आवाज एकदम बसला. वर्ग गप्प झाला की मला आधी संशय येतो, म्हणून मी मधल्या दारातून डोकावले.

जिन्याच्या तोंडाशी, वर्गाच्या उंबऱ्याबाहेर एक उंच म्हातारा उभा होता. डोक्याला पटका, हातात काठी, दुसऱ्या हातात वहाणा काढून धरलेल्या. मॅडमचे भाऊ-भावजय रानात गेलेले बघून हा माणूस येरमाळ्यापर्यंत चालत आला होता आणि भूमच्या गाडीत बसला होता. लेक भूमला दिलीय, एवढं पायांना आठवत असावं. स्टँडवर त्यानं तिच्या नावाची चौकशी केली. ज्या मॅडमना अख्खा स्टँड उठून जागा देतो, त्यांचं ते नाव तिथं एकालाही माहीत नव्हतं. शेवटी कुणीतरी सांगितलं, पोरी तिथं वर शिकतात, तिथं बघा.

"मास्तरीणबाई," तो म्हणाला, "माझी पोर हाय का हितं?" आणि त्यानं नाव घेतलं.

पहिल्या बाकावर तेरखेड्याची पोरगी होती. तिनं मागं वळून सगळ्यांकडं बघितलं आणि मनापासून सांगितलं, "न्हाय बाबा. ह्या नावाचं हितं कुणीच न्हाय."

म्हाताऱ्याचा चेहरा असा झाला की मला तो अजून दिसतो. बाजारात लेकरू हरवलेल्या बापाचा होतो, तसा.

"आहे," मॅडम म्हणाल्या. हातात खडू तसाच. "आहे की. आतल्या खोलीत अभ्यासाला बसलीय. थांबा हं, मारा तुम्ही हाक."

आणि त्या चालत माझ्या खोलीत आल्या, मधलं दार लोटलं, आणि प्लायवूडला तळहात टेकून उभ्या राहिल्या. माझी पोरं बोटं कीबोर्डवर ठेवून बघत होती. पलीकडून हाक आली. खालचा सगळा बाजार त्या हाकेखाली गेला.

इथून पुढं मला 'त्या' असं लिहिता येत नाही. ती म्हणाली, "ओ, आबाऽ!"

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो साडीतल्या बाईचा नव्हता.

"हाईस व्हय गं?"

"हाय की, आबा! अभ्यास करतीया."

"जेवलीस का?"

"जेवले."

"सांच्याला लौकर ये. मेंढरं आत घ्यायच्यात."

"व्हय आबा. तुमी व्हा म्होरं. म्या येते मागनं."

"बरं, बरं," पलीकडून आलं. मग वर्गातल्या पोरांना सांगत असलेला आवाज, अगदी सुटका झालेला. "हाय. माझी पोर हाय आत."

ती भिंतीला टेकून तशीच उभी होती. प्लायवूडला एक फट आहे, तिच्यातून ती त्याला बघत होती. आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं दिसत नाही. हे तीच शिकवायची.

मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मॅडम होऊन वर्गात गेल्या. वडिलांना पाणी दिलं. ते उंबऱ्याच्या आत आले नाहीत. तांब्या वरून तोंडात धरून प्यायले आणि परत देताना म्हणाले, "मास्तरीणबाई, पोरीला मारू नगा. हुशार हाय. पर लई मनाला लावून घेती."

"नाही मारणार," मॅडम म्हणाल्या.

भाऊ शोधत मोटारसायकलवर आला आणि त्यांना घेऊन गेला. मॅडमनी वर्ग सोडला नाही. फळ्यावर अर्धवट राहिलेला चौकोन पुरा केला आणि दाराची जागा मोकळी सोडली. पुढं काय शिकवत होत्या ते त्यांना आठवेना, तेव्हा तेरखेड्याच्या पोरीनं हळूच सांगितलं. आमची पोरं वात्रट आहेत, मास्तरांना नावं ठेवण्यात पटाईत. पण सगळ्या वर्गानं ऐकलेलं ते नाव पुढं एकाच्याही तोंडून कधी आलं नाही. मी दोन्ही वर्गांच्या पोरांवर आयुष्यभर रागावले. त्या एका गोष्टीसाठी त्यांना सगळं माफ आहे.

आबा त्या थंडीत गेले. झोपेत गेले, त्रास झाला नाही. मॅडम दिवस करून परत आल्या. कपाळ, साडी, पर्स, छत्री, सगळं पहिल्यासारखं. सोमवारी दारात थांबल्या. मी सवयीनं भुवया उंचवल्या आणि मग मान खाली घातली. त्या हसल्या आणि आत गेल्या.

बरेच दिवस गेले. एकदा दोन्ही क्लास सुटल्यावर त्या माझ्याकडं आल्या आणि थोड्या लाजत म्हणाल्या, "बाई, एक काम होतं. हसाल तुम्ही."

"नाही हसत."

"तुम्ही एकदा हाक माराल का? त्या नावानं. तुमचा आवाज मोठाय." आणि म्हणाल्या, "मी इथं थांबते. तुम्ही तिकडून मारा."

मी वर्गात गेले. दार लोटलं. आबा उभे होते तिथं, उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिले. पोरांवर ओरडून कमावलेला माझा आवाज. तो सगळा लावला, शेवटचं अक्षर जमेल तेवढं लांबवलं. खालून खतवाल्यानं वर मान करून बघितलं. भिंतीपलीकडून काही आलं नाही. मी पुन्हा मारली. मग आत जाऊन बघितलं. त्या प्लायवूडला तळहात टेकून तशाच उभ्या होत्या.

"ऐकू नाही आलं का?"

"आलं."

"मग?"

"नाव तेच हाय, बाई," त्या म्हणाल्या. "पर मला लागलं न्हाय. दुसऱ्याच कुणाला मारल्यासारखी वाटली." आणि मला वाईट वाटू नये म्हणून घाईनं पुढं म्हणाल्या, "तुमचा दोष नाही हो. ते घर मिटलं ना आता."

मला फार वाईट वाटलं. माणूस माणसाकडं काय मागतं, तर एक हाक. ती माझ्याजवळ होती, आवाज होता, नावही होतं. तरी मला ती देता आली नाही. आम्ही त्या दिवशी चहा केला नाही. जिना उतरून दोघी दोन दिशांना गेलो.

पुढच्या वर्षी मुलानं त्यांना पुण्याला नेलं. पोरांनी निरोपाला हार आणला, शाल आणली, आणि फळ्यावर मोठा चौकोन काढून त्यात 'मॅडम' असं लिहिलं. मॅडमनी खडू घेतला, पोरांनी विसरलेलं दार काढलं, उंबरा काढला. सगळे हसले. एसटीत खिडकीशी बसल्यावर मला म्हणाल्या, "येते, बाई." मी म्हणाले, "या, मॅडम." इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींना दुसरं काही म्हणालो नव्हतो, तेव्हाही जमलं नाही.

सुरुवातीला फोन यायचे. "बाई, इथं लिफ्टमध्ये मला आंटी म्हणतात," असं सांगून एकदा खूप हसल्या. मग फोन विरळ झाले. आता सणावाराला येतो. आवाज खोल गेलाय. पलीकडच्या वर्गात एक तरुण सर आलेत. ते हुशार आहेत, सगळं स्क्रीनवरच दाखवतात. फळा भिंतीकडं तोंड करून ठेवलाय. भिंतीपलीकडून 'स्कोप, स्कोप' असं ऐकू येतं, मॅडमच्या घर-गावाचंच ते इंग्रजी नाव, आणि उंबऱ्याचं नाव कुणी काढत नाही.

परवा मी येडाईच्या दर्शनाला येरमाळ्याला गेले होते. दर्शन झालं, हायवेला येऊन परतीच्या गाडीची वाट बघत थांबले. दुपारची वेळ, ट्रकची वर्दळ, उसाच्या रसाच्या गाड्यावर घुंगरं वाजत होती. आणि मागून हाक आली. तेच नाव. शेवटचं अक्षर तसंच लांबवलेलं.

मी गर्रकन वळले. पानाच्या टपरीजवळ एक माणूस उभा होता, आणि फ्रॉकमधली एक बारकी पोर हातातली कुल्फी चाटत त्याच्याकडं पळत सुटली होती, "आले, आले" करत. त्यानं तिला उचलून मोटारसायकलच्या टाकीवर बसवलं आणि ती दोघं निघून गेली.

नाव तेच होतं, घर दुसरं. मला हे कळत नव्हतं असं नाही. भिंतीपलीकडून का होईना, मी शिकलेली आहे. भूमची गाडी आली, कंडक्टरनं "बाई, चला" म्हणून हाक मारली. तरी मी पायरीवर एक पाय ठेवून, मागं कुठून दुसरी ओ येते का, ऐकत थांबले.